चार पत्रं आगाऊ

लग्न होऊन मी वाडीत आले तेव्हा तिथं लिहिता येणारी बाई मी एकटीच होते. आमची वाडी रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या बाजूला, समुद्राला लागून. चौथी झाल्यावर वडिलांनी मला शाळेतून काढलं, पण अक्षर माझं चांगलं होतं. सासरी चार माणसांत तोंडातून शब्द फुटत नसे. कुणी काही विचारलं तर नुसती मान हलवायची. लिहायला बसलं की मात्र हात अडत नसे. वाडीतले निम्मे पुरुष बोटीवर होते, कुणी खलाशी, कुणी इंजिनाला कोळसा घालणारे, एक-दोघं टंडेल, म्हणजे खलाशांवरचे मुकादम. त्यांच्या घरची पत्रं हळूहळू माझ्याकडे येऊ लागली. दुपारची भांडी झाली की कुणीतरी ओटीवर येऊन बसायचं आणि म्हणायचं, "वहिनी, दोन अक्षरं लिहा हो."

पण ती पत्रं बायकांची नसत. त्या वेळी बायको नवऱ्याला पत्र लिही असं आमच्याकडे नव्हतं. पत्र जायचं आईच्या नावानं, आई नसली तर थोरल्या भावाच्या. आमच्या घरचंही तसंच. सासूबाई भिंतीला टेकून सांगायच्या आणि मी लिहायची, "चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद. इकडील सर्व खुशाल. तू जिवाला जपून असावे." ह्यांना 'तू' लिहिताना पहिल्यांदा मी टाक दोनदा दौतीत बुडवला होता. मग सवय झाली. ह्यांचं पत्रही आईलाच यायचं. ते मीच मोठ्यानं वाचून दाखवायची. शेवटी एक ओळ असे, "घरात सांभाळून असावे म्हणून सांगणे." ती ओळ माझ्यासाठी. ती वाचताना माझा आवाज बारीक व्हायचा आणि सासूबाई दरवेळी म्हणायच्या, "काय गो, आयकू नाय आलं. परत वाच." त्यांना चांगलं ऐकू आलेलं असे.

वाडीत एक गोष्ट ठरलेली होती. पाण्यावरच्या माणसाला घरचं दुखणं कळवायचं नाही. एका घरी मूल गेल्याचं पत्र बोटीवर पोचलं, आणि तो बाप चारच दिवसांनी मालाच्या खोलीत पडून जायबंदी होऊन आला. तेव्हापासून घरात काहीही झालेलं असो, पत्रात 'सर्व खुशाल'. माणूस घरी आल्यावर, हातपाय धुऊन, जेवून बसला की मग सांगायचं. मी कितीतरी घरांची दुखणी अशी 'खुशाल' लिहिली आहेत. लिहिताना मला कधी काही वाटलं नाही.

लग्नाला पाच वर्षं झाली आणि माझं पोट दिसू लागलं. अजून मूलबाळ नव्हतं. वाडीतल्या बायका माझ्याकडे बघून हसू लागल्या. सासूबाईंनी मला विहिरीचं पाणी ओढायचं बंद केलं, रोज नारळाचं दूध घालून पेज द्यायला लागल्या. पण पाळी चालूच होती, आणि कुशीत दुखायचं. मी लाजेनं कुणाला सांगितलं नाही. शेवटी एक दिवस चुलीपाशीच वाकडी झाले तेव्हा सासूबाईंनी मला बैलगाडीत घातलं आणि रत्नागिरीच्या मोठ्या इस्पितळात आणलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. म्हणाले, "मूल नाही. गाठ आहे. कापून काढायला हवी."

सासूबाई म्हणाल्या, "मुलगा बोटीवर हाय. पावसाच्या आधी येईल, तेव्हा काढू."

"पावसापर्यंत ही राहायची नाही," डॉक्टर म्हणाले. "चार दिवसांत भरती करा. सही कोण करणार?"

सासूबाईंनी अंगठा पुढे केला. शाई लागलेला तो अंगठा त्यांनी घरी येईपर्यंत पुसला नाही, तसाच वर धरून गाडीत बसल्या होत्या.

त्या संध्याकाळी त्यांनी मला दौत-टाक घेऊन बसवलं. हे तेव्हा आफ्रिकेकडे जाणाऱ्या बोटीवर होते. पत्र मुंबईच्या ऑफिसात जायचं, तिथून पुढे बोटीवर. पोचायला पंधरा-वीस दिवस लागत. आमचं पत्र दर अमावास्येला आणि पुनवेला जाई, त्यात कधी खंड पडला नव्हता.

"आता तू दीड-दोन महिने काय लिवायची नायस," सासूबाई म्हणाल्या. "पत्र नाय गेलं तर तो काय समजंल? चार पत्रं आताच लिवून ठेव. मी येळेला टाकीन."

"पण पुढचं काय लिहू? अजून झालंच नाही ते."

"दरवर्षी होतं तेच होणार. लिव."

मग मी लिहायला घेतलं. पहिलं माघ अमावास्येचं. त्यात काही अवघड नव्हतं. दुसरं फाल्गुनी पौर्णिमेचं. सासूबाईंनी सांगितलं, "शिमगा बरा झाला. पालखी दारात आली. ओटी भरली, नारळ दिला."

"पालखी आली नाही तर?" मी विचारलं.

"दरवर्षी येते. यंदा काय वाट चुकणार हाय?"

तिसरं पाडव्याचं. गुढी उभारली, गोडधोड केलं. आमची तांबडी गाय तेव्हा गाभण होती. सासूबाई म्हणाल्या, "गाय व्याली म्हणून लिव."

"पाडा लिहू की पाडी?"

सासूबाईंनी थोडा विचार केला. "पाडी लिव. पाडा झाला म्हणून त्याला कशाला कळवायचं? उगाच."

मला हसू आलं, आणि हसताना कुशीत दुखलं. चौथ्या पत्रात झाडाला आंबे आले, कोकमं वाळत घातली, तू आता लवकर येशील, असं लिहिलं. प्रत्येक पत्राच्या डोक्यावर मी नीट तिथी घातली. चारही पाकिटांवर पत्ता लिहून तिकिटं लावली. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून पाकिटाच्या कोपऱ्यावर कुंकवाचे ठिपके दिले. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, असे. एक ठिपक्याचं अमावास्येला, दोन ठिपक्यांचं पुनवेला. त्यांनी ती फडक्यात बांधून देवाच्या फळीवर ठेवली.

इस्पितळात मला बायकांच्या लांब खोलीत कोपऱ्यातली खाट मिळाली. खिडकीतून माड दिसत, पण समुद्र दिसत नसे. लग्न झाल्यापासून मी लाटांचा आवाज ऐकल्याशिवाय झोपले नव्हते. तिथं नुसता फिनेलचा वास आणि पावलांचा आवाज. ऑपरेशनच्या आधी अंगात रक्त यायला हवं म्हणून सहा दिवस नुसतं दूध आणि औषध. नर्सबाई घाटावरच्या होत्या. त्या काही बोलल्या की मला दोनदा ऐकावं लागे, आणि मी काही बोलले तर त्यांना ऐकूच येत नसे.

शेजारच्या खाटेवर हर्णैची एक मासेवाली होती. पायाला जखम होऊन आलेली, पाय लटकवून ठेवलेला, पण तोंड मोकळं. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "नवरा खंय तुझा?"

मी म्हटलं, बोटीवर.

"बरा हाय गो. माजा घरात हाय, तरी चार दिस झाले, बगायला नाय आला. तुजा निदान लांब हाय म्हणून येत नाय."

संपूर्ण खोली हसली. मी पांघरूण तोंडावर घेतलं.

ती रोज काहीतरी बोलायची. एकदा तिला कळलं की मला लिहिता येतं आणि मी चार पत्रं आधीच लिहून ठेवली आहेत. तिला ते फार आवडलं. "पालखी येण्याआदीच आली म्हणून लिवलंस? आणि गाय पण व्याली?" ती पोट धरून हसली. मग जरा वेळानं, अगदी सहज, वर छताकडे बघत ती म्हणाली, "आणि तू गेलीस तर गो? तो तिकडं बसून वाचत रवंल, बायको कोकमं वाळत घालते म्हणून."

ती वाईट नव्हती. तिच्या मनात आलं ते बोलली. पण मला त्या दिवशी दूध गेलं नाही. ऑपरेशन परवावर आलं होतं. मी मेले तर वाडीत माझा दहावा-तेरावा होईल, आणि पुनवेला सासूबाई दोन ठिपक्यांचं पत्र टाकतील, कारण पाण्यावरच्या माणसाला काही कळवायचं नसतं. हे बोटीवर बसून माझं अक्षर वाचतील. पाडी झाली म्हणून खूश होतील. मग मला आठवलं, त्या चार पत्रांत काय, पाच वर्षांत लिहिलेल्या सगळ्या पत्रांत माझं स्वतःचं एक वाक्य नव्हतं. सगळं सासूबाईंचं. मी गेले तर ह्यांच्यासाठी माझा म्हणून एक शब्द मागे राहणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सासूबाई पेज घेऊन आल्या. मी त्यांचा हात धरला. पाच वर्षांत मी त्यांना आपणहून काही सांगितलं असेल तर ते तेव्हा.

"आत्याबाई, ती पत्रं परत आणा. मला काही झालं तर टाकू नका."

त्या डब्याचं झाकण उघडत होत्या, तशाच थांबल्या. "टाकली," म्हणाल्या.

"एक ठिपक्याचं?"

"चारही. काल बंदरावर गेले तेव्हा एकदम टाकली."

 त्या माझ्याकडे न बघता पेज वाटीत ओतत म्हणाल्या, "जित्या माणसाच्या हातचं पत्र तो जिता असतानाच जायला हवं. तुला काय झालं, आणि मग मी कुठल्या तोंडानं ती पेटीत टाकू? माज्यानं झालं नसतं. म्हणून टाकली. आता कायपण होवो, ती तुझी म्हणून गेली."

म्हणजे मासेवाली बोलली ते माझ्याही आधी त्यांच्या मनात येऊन गेलं होतं.

"पण आत्याबाई, प्रत्येकावर तिथी घातली आहे."

"मग?"

"शिमग्याची, पाडव्याची तिथी. ती चारही एकदम त्यांच्या हातात पडतील."

सासूबाईंच्या हातातली वाटी तशीच राहिली. त्यांना पत्रावर तिथी असते हे माहीतच नव्हतं, आणि टाकायच्या घाईत आत शिमगा-पाडवा सांगितलाय हेही त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. मी पत्र वाचायची ते "आशीर्वाद" पासून. डोक्यावरची तिथी मी कधी मोठ्यानं वाचत नसे, ती मला वाचण्यासारखी गोष्ट वाटतच नसे. त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि हळू म्हणाल्या, "माज्या कर्मा."

शेजारच्या खाटेवरच्या मासेवालीनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्या दुपारी मी नर्सबाईंकडे कागद मागितला. त्यांनी एका जुन्या तक्त्याचं पाठकोरं पान आणि पेन्सिल दिली. मी उशीवर कागद ठेवला. आता एक पत्र माझं, असं ठरवलं होतं. पण वर मायना काय घालावा तेच सुचेना. वडिलांना 'तीर्थरूप', मुलाला 'चिरंजीव', मास्तरांना काय ते सगळं शाळेत शिकवलं होतं. नवऱ्याला काय लिहायचं ते शिकवलं नव्हतं. नाव तर घ्यायचं नाही. मी पेन्सिल हातात धरून संध्याकाळपर्यंत बसले. कागदावर एवढंच उमटलं, 'साष्टांग नमस्कार'. तेही पुसलं. दिवा लागला तेव्हा नर्सबाईंनी कागद काढून घेतला आणि म्हणाल्या, "झोपा आता. उद्या लिहा." 'उद्या' हा शब्द मला तेव्हा फार लांबचा वाटला.

सकाळी मला आत नेलं. गोड, उग्र वासाची जाळी तोंडावर धरली आणि कुणीतरी आकडे मोजायला सांगितलं. मी आकडे न मोजता तिथी मोजत होते, माघ वद्य अष्टमी, नवमी, दशमी. अमावास्येपर्यंत पोचले नाही.

शुद्धीवर आले तेव्हा सासूबाई पायाशी उभ्या होत्या. पहिलं वाक्य बोलल्या ते "नारळाएवढी होती गो." त्यांनी ती गाठ बघायचीच म्हणून डॉक्टरांशी भांडण केलं होतं. नंतर वाडीत त्या कितीतरी वर्षं हाताचे पंजे जोडून दोन्हींत केवढी होती ते दाखवायच्या.

टाक्यांनी पू धरला म्हणून मला आणखी दिवस राहावं लागलं. शिमगा तिथंच झाला. मासेवाली तोवर घरी गेली होती. जाताना तिनं मला सुके बोंबील पाठवीन म्हणून सांगितलं आणि पाठवलेही. शिमग्याच्या दिवसांत एका संध्याकाळी खिडकीतून लांबून ढोल ऐकू आले. पालखी कुठल्या तरी वाडीत नाचत होती. मी डोळे मिटून ऐकत राहिले. मी लिहिलेल्या पत्रातली पालखी खरी होत होती, फक्त आमच्या दारात नव्हे. आमच्या दारी त्या वर्षी ओटी चुलत जाऊबाईंनी भरली. सासूबाई माझ्यापाशी बसून राहिल्या. त्यांची पालखी त्याआधी कधी चुकली नव्हती.

मी ज्या वेळी ढोल ऐकत होते त्याच्या आठ दिवस आधी बोटीवर काय झालं ते मला पुढे ह्यांच्याकडून कळलं. बोट आफ्रिकेच्या कुठल्याशा बंदराला होती. टपाल आलं. घरचं पत्र आलं की आमच्या भागातली सगळी माणसं गोल बसून ऐकत, आणि वाचायला टंडेल. टंडेलनं एक पाकीट फोडलं आणि वाचायला लागला, "शिमगा बरा झाला. पालखी दारात आली." कुणीतरी म्हणालं, "अरे, शिमग्याला अजून आठ दिवस आहेत." टंडेलनं दुसरं फोडलं, त्यात पाडवा. तिसऱ्यात आंबे. लोक हसायला लागले. एकजण म्हणाला, "तुज्या आईनं पंचांगाला पण मागं टाकलान रे." दुसरा म्हणाला, "तुज्या गावाला पाऊस पण पडला असंल, छत्री घेऊन जा." हेही हसले. मग टंडेल हसायचा थांबला. वयानं मोठा माणूस. त्यानं चारही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाला, "पत्रं आईची, पण अक्षर कुणाचं?"

हे म्हणाले, घरातलं.

"मग आई बरी आहे," टंडेल म्हणाला. "लिहिणारा हात अडला आहे."

ह्यांनी त्या रात्री जेवण घेतलं नाही, असं टंडेलनंच पुढे वाडीत येऊन सांगितलं. ह्यांनी ते कधी कबूल केलं नाही.

मी घरी आले ती चालताना पोटाला हात धरून. अंगणात तांबडीचं वासरू होतं, पांढऱ्या कपाळाचं. पाडा. सासूबाई त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "मेल्यानं खोटं पाडलं मला."

पाडवा होऊन चार दिवस झाले होते. पोस्टमन आला आणि नेहमीसारखं त्यानं पत्र सासूबाईंच्या हातात दिलं. सासूबाईंनी ते माझ्याकडे दिलं आणि भिंतीला टेकून बसल्या. मी पाकीट फोडलं आणि वाचायला सुरुवात केली, पण पहिल्याच ओळीला थांबले. तिथं 'तीर्थरूप' नव्हतं. मायनाच नव्हता. ह्यांचं मोठं, वाकडंतिकडं अक्षर, दुसरीपर्यंत शिकलेल्या माणसाचं. टंडेलकडून लिहवून न घेता स्वतः लिहिलेलं.

"काय गो? वाच की."

मी कागद त्यांच्यापुढे धरला, जणू त्यांना वाचता येणार होतं. त्यांनी कागद पाहिला, मग माझा चेहरा पाहिला. "तुजं हाय काय?"

मी मान हलवली.

"मग मनात वाच," म्हणाल्या, आणि उठून वासराला पाणी दाखवायला गेल्या. वासराला नुकतंच पाणी पाजलेलं होतं.

पत्र चार-पाच ओळींचं होतं. "चार पत्रे एकदम मिळाली. अक्षर तुझे आहे, म्हणून तुलाच लिहितो. काय झाले आहे ते तू स्वतः कळव, आईच्या नावाने नको. मी पडणार नाही, धरून उभा आहे. तिकडे खरा महिना कोणता चालू आहे?"

मी ते किती वेळा वाचलं ते सांगता येणार नाही. 'तू' हे अक्षर मी इतक्या वेळा त्यांना लिहिलं होतं, ते मला कुणी लिहिलं नव्हतं.

त्याच दुपारी मी ओटीवर दौत घेऊन बसले. मायना मलाही सुचला नाही, आणि त्यांनीही घातला नव्हता, म्हणून मी तिथूनच सुरुवात केली. "आज चैत्र शुद्ध पंचमी, ही तिथी खरी आहे. पोटात गाठ होती, ती काढली. आता बरी आहे. चालते, पण हळू. इस्पितळात असताना तुम्हाला लिहिणार होते, जमले नाही. भीती वाटली होती." एवढं लिहून थांबले. भीती वाटली होती, हे वाक्य मी कुणासाठीच कधी लिहिलं नव्हतं. ते खोडावं का, असं एकदा मनात आलं. मग तसंच ठेवलं.

सासूबाई वासराकडून परत आल्या होत्या. दारात उभ्या राहून त्यांनी विचारलं, "सर्व खुशाल लिवलंस काय?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी हात पदराला पुसले. मग आत जाता जाता म्हणाल्या, "मग पाडा झाला ते पण लिव. खरं लिवायचं तर सगळं लिव."

मी खाली लिहिलं, "गाईला पाडी नाही, पाडा झाला. कपाळ पांढरे आहे." पाकीट बंद केलं. कोपऱ्यावर कुंकू लावलं, एकच बोट. पोस्टापर्यंतची वाट मला त्या दिवसांत लांब होती. दोनदा बांधावर बसले, पण ते पत्र मी दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नाही.